मोठ्या भाषेतला पाठ

काढणीला आलेल्या कांद्याच्या माना पडायला आणि प्रशिक्षणाचा हुकूम यायला एकच गाठ पडली. एरवी सुट्टी लागली की शास्त्राच्या बाई शाळेची पिशवी खुंटीला अडकवायच्या आणि डोक्याला फडकं बांधून वावरात उतरायच्या. कांदा उपटायचा, पातीखाली झाकून वाळू द्यायचा, मग पात कापायची, मग साठवणीच्या चाळीत भरायचा. यात मध्येच थांबायची सोय नसते. आभाळ फिरलं की सगळं मुसळ केरात.

नवरा विळ्याला धार लावत होता. हुकमाचं ऐकून मान वर न करताच म्हणाला, "बरा मुहूर्त सापडतो यांना. उपटणार कोण?"

"तुम्ही आहात की."

"मी आहे. आणि आईला उचलणार कोण?"

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मागच्या थंडीत मोडलं होतं. बसलेल्या उठायच्या नाहीत, उठवल्या तर ओरडायच्या, आणि बाईंखेरीज कुणाला अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत. लेकाला तर नाहीच. "त्याला कांद्याचं पोतं आणि आई यातला फरक कळत नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

हुकूम असा होता, की नव्या वर्षापासून वरच्या वर्गांना शास्त्र आणि गणित मोठ्या भाषेत शिकवायचं. तिला काहीतरी नाव असेल, गावात मोठी भाषा म्हणत. बँकेतला साहेब ती बोलतो, कोर्टात ती चालते, औषधाच्या बाटलीवर ती असते. आजवर शाळेत तिचा एक तास असायचा, पोरं त्यात कविता पाठ करायची आणि सुटायची. आता शास्त्रच त्या भाषेत. वर्गात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत घरच्या भाषेतला एक शब्द नको. माणूस पाण्यात पडला की आपोआप पोहायला लागतो, असं त्यामागचं शास्त्र. पडणाऱ्यातले किती तळाला जातात याचा हिशोब कुणी दिला नव्हता. आणि शिकवणाऱ्यांना तरी कुठे पोहता येत होतं! पाण्याजवळ उभं राहून त्यांची उमर गेली होती.

प्रशिक्षणाच्या शेवटी तपासणीचा पाठ. त्यात जो नापास होईल त्याची जागा दुसऱ्याला, आणि त्याची स्वतःची रवानगी धरणापलीकडच्या शाळेत. तिथून रोज येणं-जाणं होत नाही. तिथे खोली करून राहायचं आणि सुट्टीला घरी यायचं. म्हणजे सासूबाई दिवसभर ओल्या अंथरुणात. बाईंना बाकी कशाची भीती नव्हती. वरिष्ठ रागावले तर रागावू देत. पण हे एक चित्र डोळ्यांपुढून हलायचं नाही.

*

प्रशिक्षण तालुक्याच्या शाळेत, पत्र्याच्या वर्गात. दहा वाजले की पत्रा तापायचा आणि वर्गाचा तंदूर व्हायचा. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. शिकवणारे सर शहरातून आलेले, बारीक, कायम पाठीला हात लावणारे. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर मात्र एक पितळी घंटी होती. कुणाच्या तोंडून घरच्या भाषेतला शब्द निघाला की सर ती वाजवायचे. ज्याच्यासाठी वाजेल त्याने उभं राहायचं आणि तेच वाक्य मोठ्या भाषेत म्हणून बसायचं. येत नसेल तर येईपर्यंत उभं. दुसऱ्याच दिवशी सगळे त्यांना घंटीवाले म्हणायला लागले, अर्थात दबक्या आवाजात.

गणिताचे मास्तर निवृत्तीला टेकलेले. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यात जास्त वेळा उभं राहून दाखवलं. त्यांना ठसका लागला, ते "पाणी" म्हणाले, आणि घंटी वाजली. मास्तर ठसकत ठसकत उभे राहिले. मोठ्या भाषेतला पाण्याचा शब्द पोराटोरांना येतो, पण त्या वेळी तो काही केल्या तोंडावर येईना. शेवटी शेजारणीने तांब्या पुढे केला. वर्ग हसला. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले बाईंनी पाहिले. ज्या माणसाने अख्ख्या गावाला पाढे शिकवले त्याचे कान असे लाल व्हावेत, याचा त्यांना मनस्वी संताप आला.

मधल्या सुट्टीत मास्तर पिंपळाखाली बसून म्हणाले, "बाई, बैलाच्या गळ्यात घंटी असते तेव्हा निदान त्याला चारा तरी घालतात."

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मनाला नाही लागत हो. जिभेला लागतं. म्हातारी जीभ, वळत नाही."

सर शिकवायचे ते सगळंच टाकाऊ होतं असं नाही. वस्तू हातात द्या, मग नाव सांगा. मुलाला आधी हात लावू द्या, हुंगू द्या, मग बोलतं करा. विषय शिकता शिकता भाषा आली पाहिजे, भाषा शिकता शिकता विषय. वाक्य आखूड ठेवा, पुन्हा पुन्हा म्हणा, हाताने दाखवा. बाईंना हे पटलं. आपण इतकी वर्षं फळ्यावर नुसती चित्रं काढत आलो याची हळहळही वाटली. पण मग त्या विचारायच्या, "सर, मुलाला नाहीच समजलं तर? एकदा आपल्या भाषेत सांगून पुढे जायचं का?" त्यांनी हे मोठ्या भाषेत, अडखळत विचारलेलं असायचं. सर त्यांच्याकडे दमल्यासारखे बघायचे.

"एकदा सांगितलंत की मूल त्या एकदाची वाट बघत बसतं. मग मोठ्या भाषेकडे ते कान देत नाही. नाही म्हणजे नाही."

यातही तथ्य होतं. म्हणून तर जास्त चीड यायची. साफ चूक असती तर भांडून मोकळं होता आलं असतं.

*

संध्याकाळी घरी आल्या की बाई आधी सासूबाईंना उठवायच्या. काखेत हात घालायचा, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा आणि एका दमात वर घ्यायचं. अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. मग वावरात जाऊन अंधार पडेपर्यंत पात कापायची. तोंडाने मात्र मोठ्या भाषेतली वाक्यं चालू. हे पाणी आहे. हे मीठ आहे. पाणी तापते. पाण्याची वाफ होते. कांद्याने डोळ्यांतून धारा आणि तोंडाने शास्त्र.

घरची भाषा तोंडातून निसटते ती निसटतेच, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दचकलं, चिडलं, घाई झाली की जीभ आपल्या गोठ्याकडे धावते. ती खोड मोडायची तर घरातही मोडली पाहिजे. म्हणून त्यांनी सासूबाईंच्या उशाशी एक वाटी आणि चमचा ठेवला.

"मी आपल्या भाषेत बोलले की वाजवायचं."

सासूबाईंच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांत नव्हती अशी चमक आली. "तुला गप्प बसवायचं म्हणून मी हयातभर झुरले. सरकारनं मरायच्या आधी एवढी इच्छा पुरी केली बघ."

मग काय, म्हातारीचा उत्सवच. बाईंनी नवऱ्याला हाक मारली की टण्. दूध उतू गेलं, बाई "अगंबाई" म्हणाल्या, टण् टण्. नवरा वैतागायचा. दिवसभर उन्हात वाकून त्याची कंबर धरलेली असायची आणि घरात बायको त्याच्याशी हातवारे करून बोलायची.

"आई, ती वाटी ठेव. आणि तू, धड बोल. उद्या मजूर किती सांगायचे?"

बाईंनी बोटं दाखवली आणि मोठ्या भाषेत आकडा सांगितला.

"बायको आहेस की वाहतूक पोलीस?" तो ताटावरून उठला. "माझ्या घरात मला कळेल असं बोलायचं नसेल तर बोलूच नकोस."

बाईंना रडू आलं, पण रडत रडत त्यांनी जे उत्तर दिलं तेही मोठ्या भाषेत. सासूबाई चमचा उचलून बसल्या होत्या, त्यांनी तो खाली ठेवला.

हळूहळू जीभ वळली. मांजराने दुधाला तोंड लावलं तर बाई त्याला मोठ्या भाषेत हाकलायला लागल्या. विळा बोटाला लागला तर मोठ्या भाषेत कळवळायला लागल्या. आपली आपल्यालाच भीती वाटावी अशी ती गोष्ट होती, पण त्यांना आनंद झाला. धरणापलीकडची शाळा थोडी दूर गेल्यासारखी वाटली.

पात कापायला ज्या बायका येत त्यांत भिंगरीची आई होती. भिंगरी बाईंच्या वर्गातली. सतत फिरती म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. एका जागी म्हणून बसायची नाही, पण बाई प्रयोग करायला लागल्या की सगळ्यात पुढे. तपासणीच्या पाठासाठी सुट्टीतून मुलं गोळा करायची होती, तेव्हा बाईंनी बांधावरूनच विचारलं होतं, "भिंगरीला पाठवशील का गं परवा?"

"न्या की. घरात तरी कुठे टेकते," भिंगरीची आई म्हणाली होती. "तुमच्याकडे आहे म्हटल्यावर मला घोर नाही."

*

पाठाच्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता आणि आभाळात ढगांचे पुंजके जमत होते. नवऱ्याने सगळे मजूर कामाला लावले होते. बाई सासूबाईंचं आवरून निघाल्या तेव्हा म्हातारी म्हणाली, "जा. पास होऊन ये. मला त्या गाढवाच्या हाती देऊ नकोस." चेष्टेत म्हणाली, पण बाईंचं मनगट तिने चांगलं घट्ट धरलं होतं.

वर्गात मागच्या बाकावर घंटीवाले सर, त्यांच्याबरोबर वरून आलेले एक तपासनीस, आणि उरलेले शिक्षक. टेबलावर स्पिरिटचा दिवा, लोखंडी तिवई, लहानशी लोखंडी थाळी, पाणी, मीठ. समुद्राच्या पाण्यातून मीठ कसं मिळतं, हा विषय.

बाईंनी सुरुवात झकास केली. एकेका मुलाला पुढे बोलावलं. हात पुढे करून, मान हलवून खूण करायची, की तुझी पाळी. मुलाने वस्तूला हात लावायचा आणि मोठ्या भाषेत तिचं नाव घ्यायचं. ही थाळी आहे. थाळी गार आहे. हे मीठ आहे. मीठ पांढरं आहे. भिंगरीची पाळी थाळीची होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, ठणठणीत आवाजात वाक्य म्हटलं आणि सगळ्यांकडे बघून हसली. तपासनीसही हसले.

मग मिठाचं पाणी थाळीत ओतलं, दिवा पेटवला. मुलं बाकांवरून पुढे झुकली. पाणी सळसळलं, बुडबुडे आले, वाफ गेली. बाई एकेक वाक्य म्हणत होत्या, मुलं मागून म्हणत होती. हळूहळू पाणी आटलं आणि थाळीच्या तळाला पांढरा थर राहिला. वर्गात "हां" असा आवाज उठला. तो कुठल्याच भाषेतला नव्हता. बाईंचा ऊर भरून आला. त्यांनी दिवा विझवला आणि प्रश्न विचारायला वर्गाकडे वळल्या. हे काय आहे?

भिंगरी उठली. तिला उत्तर येत होतं. नाव घ्यायचं तर आधी हात लावायचा, हेच तर मघापासून चाललं होतं. ती टेबलाजवळ आली आणि थाळीकडे हात नेला.

बाईंनी पाहिलं. "हात लावू नको" हे शब्द बाईंच्या घशापर्यंत आले. इतक्या वर्षांत शेकडो वेळा ते असेच आले होते आणि खिडक्या हादरतील असे बाहेर पडले होते. पण त्याच क्षणी मागच्या बाकावरची माणसं दिसली, आणि बाईंनी ते गिळले. त्याऐवजी त्यांनी हात पुढे केला आणि मोठ्या भाषेत एक अख्खं, बिनचूक वाक्य म्हटलं. थाळी गरम आहे, तिला स्पर्श करू नकोस.

बाईंचा पुढे आलेला हात भिंगरीने पाहिला. तुझी पाळी. तिने थाळी दोन्ही हातांनी धरली.

किंकाळी साऱ्या शाळेत ऐकू गेली. थाळी खाली पडली, मीठ सांडलं. सगळ्यात आधी पोचले ते घंटीवाले सर. पाठीचं दुखणं विसरून त्यांनी पोरीला उचललं, बाहेर हौदावर नेलं आणि तिचे हात पाण्यात बुडवून धरले. "काही नाही बेटा, काही नाही, आत्ता थांबेल," असं ते म्हणत होते, आणि ते घरच्या भाषेत म्हणत होते.

*

दवाखान्यातून दोन्ही पंजांना पट्ट्या बांधून भिंगरी बाईंबरोबर बाहेर आली तेव्हा सर पायरीवर बसलेले होते. ते उठले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"फोड येतील. जखम भरून येईल म्हणाले."

"बरं झालं. तपासनीसांनी तुम्हाला पास केलंय. हे घडलं त्याबद्दल त्यांना वाईट वाटलं. पण तेवढ्या धांदलीतही तुम्ही भाषा सोडली नाहीत, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. पुढच्या गटापुढे तुम्ही बोलावं असं त्यांच्या मनात आहे."

बाईंना वाटलं, या माणसाची घंटी घेऊन हौदात फेकावी. "सर, पोरीचे हात भाजले. मी बोलले त्या भाषेमुळे भाजले."

"अपघात होता."

"अपघात नव्हता. मला शब्द सुचला होता. आणि तुम्ही? तुम्ही हौदावर कुठल्या भाषेत बोलत होतात?"

सरांनी खाली पाहिलं. "मी तेव्हा शिकवत नव्हतो," ते म्हणाले. मग पाठीला हात लावत, "धोक्याच्या वेळी काय करायचं, हे आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही. मी वर कळवून बघतो." वर कळवणं म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होतं. बाई भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवून निघाल्या.

*

वावरात घाई चालली होती. ढग अजून वरच होते. कापलेल्या कांद्यांचे ढीग ताडपत्रीखाली जात होते. नवऱ्याने लांबूनच ओरडून विचारलं, "झालीस पास?"

बाईंनी मान हलवली.

"आईची काळजी मिटली!" तो मोठ्याने म्हणाला, आणि मग त्याला भिंगरीचे हात दिसले.

भिंगरीची आई ढिगाजवळ बसली होती. तिने विळा खाली ठेवला, पोरीला जवळ ओढलं, पट्ट्यांना नुसती बोटं लावून पाहिली. बाईंनी भाजल्याचं सांगितलं. थाळी गरम होती, हिने धरली, मी दवाखान्यात नेलं. जेवढं सांगितलं तेवढं खरंच होतं.

"वाह्यातच आहे मेली," भिंगरीची आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती बाईंच्याच वावरात मजुरीला बसली होती. "सांगितलेलं ऐकायचं नाही, दिसलं की घातला हात. तुम्हाला उगीच ताप झाला, बाई."

इथे गप्प बसता आलं असतं. बाईंना ते कळत होतं, आणि त्या गप्प बसल्याही होत्या. बोलली ती भिंगरी.

"मी ऐकत होते गं. बाई काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं, धर म्हणतायत."

"काहीतरी म्हणजे?"

"मोठ्या भाषेत."

भिंगरीच्या आईने मान वर केली. कांद्याने तिचे डोळे आधीच लाल होते. "तुम्ही ओरडला नाहीत? पोरं विहिरीच्या काठाला गेली तर इथून तिथवर ऐकू येतं तुमचं ओरडणं."

"नाही ओरडले. बोलले. त्या भाषेत."

"आपला शब्द आलाच नाही तोंडात?"

"आला होता."

"मग?"

"गिळला. मागे साहेब बसले होते. नापास झाले असते तर मला धरणापलीकडे धाडलं असतं. सासूबाईंना कुणी नाही."

नवरा जवळ येऊन उभा राहिला होता. "अगं, तिनं काही मुद्दाम केलं का?" तो भिंगरीच्या आईला म्हणाला. "औषधपाण्याचं आम्ही बघू. तू आज घरी जा, कामाचं राहू दे."

भिंगरीच्या आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंकडेच बघत होती. रागाने नाही, नीट कळून घ्यायचं असावं तशी.

"बाई, एक विचारू? तुमच्या पोटची असती तर गिळला असता?"

वारा सुटला होता. ताडपत्रीचं टोक फडफडायला लागलं, नवऱ्याने जाऊन त्याच्यावर पाय ठेवला. बाईंना कितीतरी उत्तरं सुचली. दोन्ही भाषांत सुचली. पण भिंगरी आईच्या मांडीला टेकून, पट्टीतले हात वर धरून, त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

"नसता गिळला," बाई म्हणाल्या.

भिंगरीच्या आईने मान डोलावली. "एवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली आणि पुढचा कांदा उचलला.